परसबागेतील कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण: नवी लेन्स घ्यावी की प्रकाशाची सोय करावी?

परसदार (चिपळूण)

नमस्कार.

आमच्या घरामागे लहानशी परसबाग आहे. कढीपत्ता, लिंबू, तुळस, कण्हेर, जास्वंद ही नेहमीची झाडे आणि कुंपणाला लागून आपोआप उगवलेली रुई, एवढाच तिचा पसारा. पावसाळा सुरू झाल्यापासून या झाडांवर नाना प्रकारचे कीटक दिसू लागले आहेत आणि त्यांची अगदी जवळून छायाचित्रे काढण्याचा मी प्रयत्न करीत आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, ५५-२५० मिमी झूम, ५० मिमी एफ/१.८ आणि १२, २० व ३६ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्यांचा) संच आहे.

अडचणी अशा आहेत. ५० मिमी लेन्सला तिन्ही ट्यूब लावल्या की उड्या मारणारा आठ-नऊ मिलिमीटरचा कोळी (तो कीटक नव्हे, तरी बागेत सर्वांत देखणा तोच आहे) चौकटीत चांगला मोठा येतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले छिद्र, एफ/८ ठेवल्यास (आकडा मोठा तितके छिद्र लहान) त्याचे डोळे स्पष्ट आणि बाकी सारे धूसर येते. सर्व काही स्पष्ट यावे म्हणून एफ/२२ ठेवल्यास चित्रात कोणताच भाग धारदार राहत नाही. ढगाळ हवेत उजेड पुरत नाही, आणि कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश वापरल्यास ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) पाठीवर पांढरा डाग उमटतो, लेन्सची सावली चित्रात येते आणि मागचा भाग मिट्ट काळा होतो. शिवाय लेन्स इतकी जवळ न्यावी लागते की निम्मे कीटक त्याआधीच उडून जातात.

१०० मिमी मॅक्रो लेन्स घेतल्यास या अडचणी सुटतील काय? खर्च मोठा असल्यामुळे निर्णयापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटते.

भिंगधारी (पुणे)

नमस्कार परसदार. आपल्या चारही अडचणींपैकी केवळ अंतराची अडचण त्या लेन्समुळे सुटेल, आणि तीही पूर्णपणे नव्हे. म्हणून खरेदी तूर्त थांबवावी, असे माझे मत आहे.

एफ/२२ च्या चित्रात धार का राहत नाही, ते आधी पाहू. ॲपर्चरचा जो आकडा कॅमेऱ्यावर दिसतो तो लेन्स दूरच्या वस्तूवर रोखलेली असताना खरा असतो. ट्यूब लावून लेन्स सेन्सरपासून पुढे नेली की मॅग्निफिकेशनमध्ये (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या जितकी पट असते त्या संख्येत) एक मिळवून येणाऱ्या संख्येने तो आकडा गुणावा लागतो. आपल्या तिन्ही ट्यूब मिळून ६८ मिमी होतात. त्याला ५० ने भागले की सुमारे १.३६ पट मॅग्निफिकेशन येते. म्हणजे आपण एफ/२२ म्हणून जे वापरत आहात ते प्रत्यक्षात एफ/५२ आहे, आणि एफ/८ हे एफ/१९. छिद्र इतके लहान झाले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे (छिद्रातून जाताना पसरण्यामुळे) कीटकाच्या अंगावरील एका बिंदूची सेन्सरवर चकती होते. एफ/५२ ला या चकतीचा व्यास सुमारे ७० मायक्रॉन असतो आणि आपल्या सेन्सरचा एक पिक्सेल मात्र सुमारे ४ मायक्रॉनचा आहे. कितीही महाग लेन्स आणली तरी हा भौतिकशास्त्राचा नियम बदलत नाही. १०० मिमी मॅक्रोवर एफ/२२ ठेवून १:१ वर चित्र काढले तरी असेच मऊ चित्र मिळेल.

आता एवढे गमावून काय मिळते, तेही पाहावे. १.३६ पटीला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, एफ/८ वर जेमतेम ०.४ मिमी आणि एफ/२२ वर १.१ मिमीच्या आसपास असते. कोळ्याच्या पुढच्या डोळ्यांपासून मागच्या पायांपर्यंतचे अंतर सात-आठ मिलिमीटर असताना या दोन्ही आकड्यांनी काम भागणार नाही. तेव्हा संपूर्ण प्राणी एका चित्रात स्पष्ट आणण्याचा आग्रह सोडून, हा पातळ स्पष्ट पापुद्रा कोठे ठेवायचा याचा विचार करणे अधिक फलदायी ठरते. समोरून चेहरा टिपायचा असेल तर डोळे त्यात आले की पुरे. पाहणाऱ्याची नजर डोळ्यांवरच जाते आणि धूसर पाय तिला खटकत नाहीत. आडव्या बसलेल्या नाकतोड्याचे चित्र हवे असेल तर कॅमेऱ्याची पाठ त्याच्या कुशीला समांतर धरावी, म्हणजे डोक्यापासून पंखाच्या टोकापर्यंतचा भाग एकाच प्रतलात येतो. थोडे मागे राहणे हाही उपाय आहे. फक्त ३६ मिमीची ट्यूब लावून एफ/८ ठेवल्यास मॅग्निफिकेशन सुमारे ०.७ पट होते, प्रत्यक्ष ॲपर्चर एफ/१४ च्या जवळ राहते आणि खोली १ मिमीच्या थोडी वर जाते. नंतर चित्र कातरून मोठे केल्यावर यातला काही लाभ कमी होतो हे खरे, तरी एफ/२२ पेक्षा तपशील कितीतरी अधिक राहतो.

अंतराचा प्रश्न सोडवण्यासाठी आपल्याकडची ५५-२५० ही झूम उपयोगी पडेल. तिच्यापुढे चिमट्याने बसणारी चांगल्या प्रतीची क्लोज-अप लेन्स लावावी. रेनॉक्सच्या डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५० या दोन अनेक जण वापरतात आणि त्यांचा चिमटा ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या लेन्सवर बसतो. पहिली ४.८ डायॉप्टरची (डायॉप्टर हे भिंगाच्या शक्तीचे एकक) आहे, दुसरी ८ ची. झूम अनंतावर रोखून डीसीआर-१५० लावली की कीटक सुमारे २० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतो आणि झूमचे कडे फिरवून मॅग्निफिकेशन साधारण पाव पटीपासून १.२ पटीपर्यंत बदलता येते. अंतर मात्र तेवढेच राहते. सध्या तिन्ही ट्यूब लावल्यावर आपल्याला पाच-सहा सेंटिमीटरवर जावे लागत असेल. त्या तुलनेत हा फरक फार मोठा आहे. येथे ॲपर्चरचा आकडा ट्यूबप्रमाणे फुगत नसल्यामुळे एफ/११ ते एफ/१६ निर्धास्तपणे वापरावे. खोली मात्र जास्त मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याच मॅग्निफिकेशनला ट्यूबवरच्या एफ/८ एवढीच ती मिळते.

फोकसविषयी एकच सांगतो. ऑटोफोकस बंद करावा, मॅग्निफिकेशन आधी ठरवून ठेवावे आणि नंतर फोकसचे कडे न फिरवता संपूर्ण कॅमेराच केसभर पुढे-मागे करीत डोळे स्पष्ट दिसतील त्या क्षणी बटण दाबावे. कीटक ज्या देठावर आहे तो डाव्या हाताच्या बोटांत हलकेच धरून त्याच हाताच्या मुठीवर लेन्स टेकवता आली तर फांदी आणि कॅमेरा एकत्र हलतात आणि वाऱ्याचा त्रास बराच कमी होतो.

छायाप्रकाश (नाशिक)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मी केवळ प्रकाशाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते जवळून काढलेल्या कीटकांच्या चित्रांत चांगल्या आणि सामान्य चित्रातील फरक बहुतांशी तेथेच पडतो.

ढालकिड्याची पाठ हा गोलाकार आरसा आहे. तिच्यावर दिसणारा पांढरा डाग म्हणजे आपल्या फ्लॅशचे प्रतिबिंब. फ्लॅशची शक्ती कमी केली तरी डाग तेवढाच राहतो, कारण प्रकाशाचा उगम लहान आहे. तो उगमच मोठा करावा लागतो, आणि तोही कीटकाच्या दृष्टीने मोठा. दूरवर ठेवलेली मोठी छत्री आणि एका वितीवर ठेवलेला वहीच्या पानाएवढा कागद यांत कागदच कीटकाला अधिक मोठा दिसतो. म्हणून डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा पांढरा पडदा) लेन्सच्या टोकाच्याही थोडा पुढे, कीटकाच्या डोक्यावर येईल असा बसवावा. त्याचे सामान घरातच मिळते. नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंभोवती जो पातळ पांढरा फोमचा कागद गुंडाळलेला येतो तो सर्वोत्तम. तो नसल्यास बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपरचे दोन थर एकमेकांपासून बोटभर अंतरावर लावावेत. काळ्या पुठ्ठ्याचा पसरट नळा करून त्याच्या आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवावे, एक तोंड फ्लॅशला आणि दुसरे रुंद तोंड या पांढऱ्या पडद्याला जोडावे. पडद्याला किंचित बाक दिला की ढालकिड्याच्या पाठीवर कठोर डागाऐवजी कडेने विरत जाणारी मऊ चकाकी येते आणि तिच्यामुळे पाठीचा गोलावा अधिक कळतो. चकाकी संपूर्ण घालवण्याचा प्रयत्न करू नये. तसे केल्यास ढालकिडा सपाट दिसतो.

कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशवरही असा पडदा लावता येतो, परंतु लांब झूमच्या टोकापर्यंत तो प्रकाश पोहोचवणे जिकिरीचे होते. साधा, हाताने शक्ती ठरवता येणारा वेगळा फ्लॅश मिळाल्यास तो घ्यावा. मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या मानाने तो पुष्कळच स्वस्त पडतो. शक्ती १/१६ च्या आसपास ठेवली की चांगल्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकाच टिकतो. एफ/११, आयएसओ २०० आणि १/२०० शटर या मांडणीत झाडाखालच्या सावलीतला नैसर्गिक उजेड सेन्सरवर जवळजवळ उमटतच नाही; चित्र घडते ते केवळ त्या लखलखाटात, त्यामुळे हाताचा कंप किंवा पानाची थरथर चित्रात दिसत नाही. ट्रायपॉडविना, बागेत वाकून, हातातल्या कॅमेऱ्याने काम करणे यामुळेच शक्य होते.

काळी पार्श्वभूमी हा त्याच मांडणीचा दुसरा परिणाम आहे. फ्लॅशचा प्रकाश अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. कीटक वीतभर अंतरावर आणि कुंपण दहा फुटांवर असेल तर कुंपणापर्यंत काहीच पोहोचत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे ज्या कीटकामागे दोन-चार बोटांवर दुसरे पान किंवा फूल आहे असा कोन शोधणे. तसा कोन न मिळाल्यास गळून पडलेले रुंद पान हातात धरून मागे ठेवावे. आयएसओ ८०० पर्यंत वाढवून शटर १/६० वर आणल्यास मागचा उजेडही थोडा उमटतो, परंतु मग हात स्थिर हवा.

सातेरी (सावंतवाडी)

लेन्स आणि प्रकाशाचे झाले. आता ज्यांची छायाचित्रे काढायची आहेत त्यांच्याबद्दल थोडे लिहिते, कारण कीटक उडून जातात या तक्रारीचे उत्तर साधनांत फारसे मिळत नाही. कोणता जीव कोणत्या झाडावर, दिवसाच्या कोणत्या वेळी, काय करीत असतो हे ठाऊक झाले की त्याच्या मागे धावण्याची गरज पडत नाही. आपण जी झाडे लिहिली आहेत ती या कामासाठी फारच उत्तम आहेत.

कढीपत्ता आणि लिंबू यांच्या कोवळ्या पालवीवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे अंडी घालतात. कोकणात ब्ल्यू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवर येते. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले ते हेच. अंडे मोहरीपेक्षा लहान, गोल आणि फिकट पिवळे असते, आणि एका पानावर बहुधा एकच सापडते. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून ती समोर असूनही डोळ्यांना दिसत नाही. शेवटची कात टाकली की ती हिरवी होते. ही अळी तासन्‌तास एकाच पानावर बसून असते, त्यामुळे फोकस, प्रकाश आणि कोन या तिन्हींचा सराव करण्यासाठी तिच्याइतका सोशिक जीव दुसरा नाही. तिला डिवचले की डोक्यामागून तांबूस रंगाचे दुहेरी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ते चित्र मोहक असते, परंतु केवळ त्यासाठी तिला काडीने डिवचू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती तिची शत्रूपासून बचावाची शेवटची सोय आहे आणि आपल्या चित्रासाठी ती खर्ची पडू नये.

रुईकडे मात्र मी आपले विशेष लक्ष वेधते. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर काळ्या पायांचा पिवळाधमक मावा दाटून बसलेला असतो. बहुतेक लोक तो पाहून पाणी मारतात किंवा फांदी छाटतात. आपण एक शेंडा तसाच ठेवावा आणि भिंगातून पाहावे. या माव्याच्या माद्या नरांवाचून थेट पिलांना जन्म देतात; सोंड देठात खुपसलेली, मागचा भाग किंचित उचललेला आणि त्यातून पाय मागे राखून हळूहळू बाहेर येणारे इवलेसे पिवळे पिल्लू, हे दृश्य थोडा वेळ थांबल्यास त्या गर्दीत कोठे ना कोठे दिसतेच. काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे झालेले दिसतील. त्यांच्या शरीरात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढलेली असते, आणि पाठीवर गोल झाकण उघडलेले असेल तर ती माशी बाहेर पडून गेली असे समजावे. भोवती ढालकिड्याच्या काळसर, मगरीच्या ठेवणीच्या अळ्या मावा खात फिरत असतात. एवढे सगळे बोटभर लांबीच्या देठावर घडते आणि यातील जवळजवळ कोणीही उडून जात नाही.

पानांच्या खालची बाजूही पाहत जावी. तेथे कधी केसासारख्या बारीक देठांच्या टोकांवर उभी असलेली पांढुरकी अंडी दिसतात. पुष्कळ जण त्यांना बुरशी समजून पुसून टाकतात. ती क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची अंडी आहेत. त्याच्या अळ्या मावा आणि इतर मऊ किडी खातात, म्हणून शेतकरी हा मित्रकीटक विकत आणूनही सोडतात. या अंड्यांचे देठ दिसण्यासाठी समोरचा प्रकाश उपयोगाचा नाही. प्रकाश बाजूने किंवा किंचित मागून द्यावा आणि पार्श्वभूमी गडद ठेवावी. येथे वर उल्लेखलेली काळी पार्श्वभूमी हवीहवीशी ठरते.

तुळशीच्या मंजिऱ्यांवर निळ्या पट्ट्यांची मधमाशी आणि फुलोरी माशी येतात. पट्टेवाली मधमाशी एका मंजिरीवर क्षणभरही टिकत नाही, त्यामुळे भर दिवसा तिचा पाठलाग करण्यात अर्थ नाही. तिचे नर संध्याकाळी एखाद्या बारीक काडीला जबड्यांनी घट्ट धरून, पाय मोकळे सोडून झोपतात, कधी ओळीने चार-सहा. तीच काडी ते पुन्हा पुन्हा वापरतात. सूर्य वर येण्यापूर्वी तेथे गेल्यास ते अगदी निश्चल असतात. कीटकांच्या शरीराचे तापमान हवेवर अवलंबून असल्यामुळे पहाटेच्या गारव्यात त्यांचे उडण्याचे स्नायू काम करीत नाहीत. चतुर, टाचणी (चतुरासारखाच सडपातळ कीटक), नाकतोडे यांनाही हेच लागू पडते, आणि ऑक्टोबरनंतरच्या सकाळी त्यांच्या पंखांवर दव असते ते निराळेच. काही लोक हाच परिणाम साधण्यासाठी कीटकांना फ्रिजमध्ये ठेवतात. तो प्रकार पूर्णपणे टाळावा; पहाटे उठणे एवढाच त्यावरचा सभ्य पर्याय आहे.

दिवसा काम करायचेच असेल तर आपली सावली कीटकावर पडू न देणे, बाजूच्या फांदीला धक्का न लावणे आणि त्याच्या पातळीच्या खालून, सरळ रेषेत, अगदी संथ पुढे सरकणे या गोष्टी पाळाव्यात. चतुर आणि भक्षक रॉबर फ्लाय उडाले तरी बहुधा त्याच काडीवर परत येतात, म्हणून ते उडाल्यावर तेथून हलू नये. आपला उड्या मारणारा कोळी तर स्वतःच वळून लेन्सकडे पाहतो. त्याची दृष्टी फार तीक्ष्ण असते आणि जे हलते त्याकडे तो समोरचे दोन मोठे डोळे फिरवतो. त्याच्यापुढे बोट किंचित हलवले की चेहऱ्याचे चित्र मिळते.

भिंगधारी यांनी देठ हातात धरण्याची युक्ती सांगितली आहे. ती चांगली आहे, परंतु धरण्यापूर्वी पानाची खालची बाजू पाहून घ्यावी. २०२२ च्या पावसाळ्यात राज्यभर जिची चर्चा झाली ती घोणस अळी आणि तिच्या जातीच्या इतर काटेरी अळ्या गवतावर व झाडांच्या पानांवर असतात. त्यांचे काटे लागल्यास तीव्र वेदना होतात. आंब्या-काजूच्या फांदीवर हुमल्यांचे (चावऱ्या लाल मुंग्यांचे) घरटे असेल तर तेथे कोपर टेकवण्याआधीही विचार करावा.

रानवाट (नागपूर)

चर्चा उत्तम चालली आहे. छायाप्रकाश यांच्या एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. फ्लॅशवर सर्वस्वी विसंबल्यास बागेतला पावसाळी, हिरवट, मऊ उजेड हरवतो आणि सर्व चित्रे एकाच छापाची दिसू लागतात. ढगाळ आकाश हाच सर्वांत मोठा डिफ्यूजर आहे. सातेरी यांनी सांगितल्याप्रमाणे पहाटे झोपलेली मधमाशी किंवा टाचणी मिळाली तर लहान ट्रायपॉडवर, वारा थांबण्याची वाट पाहून, १/४ सेकंदाच्या शटरनेही नितळ चित्र येते. कॅमेऱ्यातील आरसा आधी उचलून ठेवण्याची सोय किंवा लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर चित्र पाहण्याची सोय) वापरावा आणि बटण हाताने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे.

स्थिर कीटक असल्यास फोकस स्टॅकिंगही करून पाहावे. फोकस केसभर सरकवत काढलेली अनेक चित्रे हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर यांसारख्या प्रणालीत एकत्र केली की एफ/५.६ ते एफ/८ ची धार राखून डोक्यापासून शेपटापर्यंतचा तपशील मिळतो. संपूर्ण प्राणी स्पष्ट हवा असण्याची परसदार यांची मूळ इच्छा पूर्ण करण्याचा खरा मार्ग हाच आहे. मात्र मध्येच कीटकाने मिशी हलवली तर जोडलेल्या चित्रात दोन मिश्या दिसतात.

परसदार (चिपळूण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मॅक्रो लेन्सचा विचार सोडला आहे. डीसीआर-१५० आणि साधा फ्लॅश घेण्याचे ठरवले आहे. फोमचा डिफ्यूजर आजच तयार केला आणि ढालकिड्याच्या पाठीवरचा डाग खरोखरच विरला. रुईवरचा मावाही पाहिला. सातेरी यांनी लिहिलेले तपकिरी मावे आहेत आणि त्यांतील काहींच्या पाठीवर गोल छिद्रही आहे.

आणखी एक शंका विचारतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर अंगणात मृगाचे किडे आले होते. त्यांची चित्रे काढली, परंतु प्रत्यक्षात जी मखमल दिसते ती चित्रात कोठेच दिसत नाही. नुसता तांबडा ठिपका दिसतो. एक्स्पोजर तर बरोबर होते. असे का व्हावे? आणि कोकणातल्या दमट हवेत ही साधने कशी जपावीत?

भिंगधारी (पुणे)

मृगाच्या किड्याचा रंग जवळजवळ शुद्ध तांबडा असतो. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर मीटर आणि साधा हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा एकत्रित विचार करतात, त्यामुळे हिरवा व निळा रंग कमी असल्याने एकूण चित्र योग्य वाटते; परंतु तांबड्या रंगाची नोंद मात्र कमाल मर्यादेला जाऊन अडकलेली असते. तेथे उजेड-सावलीचा फरकच शिल्लक राहत नाही, आणि मखमल दिसते ती केवळ त्या फरकामुळे. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू करून तांबड्याचा आलेख उजव्या भिंतीला टेकणार नाही इतके एक्स्पोजर कमी करावे. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) पुरतो. चित्र रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात) घ्यावे. प्रकाशही डोक्यावरून न देता एका बाजूने, जमिनीलगत, थोड्या लहान पडद्यातून द्यावा, म्हणजे प्रत्येक केसाची सावली शेजारच्या केसावर पडते. सगळीकडून सारखा येणारा मऊ प्रकाश ढालकिड्याला मानवतो, मखमलीला मानवत नाही.

साधनांसाठी झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढे पुरे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्यावी. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. पावसात वापरलेला कॅमेरा आणि त्याचा पट्टा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय डब्यात ठेवू नये, आणि चामड्याच्या पिशवीत लेन्स कधीच साठवू नये. बुरशी धरते ती बहुधा तेथूनच.

सातेरी (सावंतवाडी)

मृगाचा किडा हा कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या गणगोतातला आहे. पाय मोजल्यास आठ भरतील. वर्षातील बराच काळ तो जमिनीखाली असतो आणि पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस वर दिसतो, म्हणून त्याला बाटलीत जमा न करता जागेवरच टिपावे.

ओळख पटवण्यासाठी चित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर द्यावीत. सुंदर चित्र एकच असले तरी चालते, ओळखीसाठी मात्र एका जीवाची किमान तीन हवीत: वरून, बाजूने आणि समोरून. माशांमध्ये पंखांच्या शिरा, कोळ्यांमध्ये डोळ्यांची मांडणी आणि भुंगेऱ्यांमध्ये मिश्या व पाय पाहिले जातात, आणि चेहऱ्याच्या कितीही देखण्या चित्रात यातले पुष्कळसे दिसत नाही. सोबत झाडाचे नाव अवश्य लिहावे. माव्याची किंवा अळीची जात ठरवताना ती कण्हेरीवर होती की कढीपत्त्यावर, यावरूनच निम्म्या शक्यता बाजूला पडतात.